पी.टी.चा तास होणार आहे का?

कुठल्याही मराठी हायस्कुलाचं वेळापत्रक बघा. गणित रोज, इंग्रजी रोज, विज्ञान जवळजवळ रोज, आणि मग मंगळवारी सहावा, शुक्रवारी आठवा अशा अडगळीच्या जागी 'शा.शि.' ही अक्षरं अंग चोरून उभी असतात. त्यांना शारीरिक शिक्षण असं शाळेत कुणी म्हणत नाही. मुलं म्हणतात 'पी.टी.', बाकीचे शिक्षक म्हणतात 'तो मोकळा तास' आणि गणिताचे सर म्हणतात 'माझा तास'.

यात गणिताच्या सरांचीही बाजू आहे. पंधरा ऑगस्टच्या संचलनाच्या सरावासाठी पी.टी.च्या सरांनी त्यांचे तास आधीच उचललेले असतात. 'दोनच दिवस द्या' म्हणत ते आठवडाभर वर्ग मैदानावर नेतात. हे कर्ज गणिताचे सर चक्रवाढ व्याजाने मार्च उजाडेपर्यंत वसूल करत राहतात. मुद्दल किती होतं हे तेव्हा दोघांनाही आठवत नाही.

शुक्रवारी सातवा तास संपत आला की वर्गातून एक दूत शिक्षकखोलीकडे रवाना होतो. त्याची निवड विचारपूर्वक झालेली असते. चेहरा गरीब हवा आणि आवाज बारीक.

"सर, पी.टी.चा तास होणार आहे का?"

"कोण म्हणालं नाही म्हणून?"

या उत्तरावर दूत परत येतो आणि वर्गात जल्लोष होतो. तेवढ्यात दारात गणिताचे सर हातात डस्टर घेऊन उभे राहतात. "एकच प्रमेय घेतो. मग लगेच सोडतो." वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिकाखंडांची लांबी समान असते, हे सिद्ध होईपर्यंत बाहेरच्या मैदानावर नववी 'ब' खेळून परतलेली असते.

पी.टी.च्या सरांना मात्र तास गेल्याचं दुःख करायला फुरसत नसते. शाळेच्या फाटकावर उशिरा येणाऱ्यांना अडवणं, प्रार्थनेच्या रांगा सरळ करणं, मुलांचे वाढलेले केस आणि मुलींची रंगवलेली नखं तपासणं, आर.एस.पी.च्या (रस्ता सुरक्षा पथकाच्या) पोरांना पांढरे पट्टे वाटणं, सहलीच्या एस.टी.त डोकी मोजणं, पोषण आहाराच्या तांदळाची पोती उतरवून घेणं, स्नेहसंमेलनात स्टेजमागे चढलेल्या मुलांना खाली उतरवणं आणि निवडणुका आल्या की मतदारयाद्या घेऊन गल्लोगल्ली फिरणं, ही सगळी कामं त्यांचीच. मैदानात वळू शिरला तरी मुख्याध्यापक त्यांनाच बोलावतात. बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात वळू कुठल्या सत्राला असतो कोण जाणे. एवढं करून शिट्टी गळ्यात शिल्लक राहिली तर तास.

शाळेतल्या सातआठशे पोरांना ते नावाने ओळखत नाहीत, पण एकही पोर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. "ए चष्मा!", "ए शर्ट बाहेर!", "ए दुसऱ्या रांगेतला हसरा!" अशी हाक आली की बरोबर तोच मुलगा दचकतो. वीस वर्षांनी हाच मुलगा बँकेत मॅनेजर होऊन भेटतो, वाकून नमस्कार करतो, आणि सर त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहत म्हणतात, "तू हसरा ना रे?"

आता समजा, ग्रह जुळले आणि तास खरोखरच झाला. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. आपला तास 35 मिनिटांचा. दुसऱ्या मजल्यावरून रांगेने खाली यायला सहा मिनिटं, कारण मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरून चालताना चपलेचासुद्धा आवाज होता कामा नये. बूट न आणलेल्यांना वेगळं काढायला चार मिनिटं. पोटात दुखणारे, काल ताप होता म्हणणारे आणि नुसतेच 'सर, मला बरं वाटत नाही' म्हणणारे यांची सुनावणी पाच मिनिटं. उंचीप्रमाणे उभं राहायला सहा मिनिटं. मागच्या पंधरवड्यापासून आपण वाढलो आहोत असं प्रत्येकाला वाटत असतं, त्यामुळे इथे वाद होतातच. मग हजेरी. मग 'कोण हसलं?' ही चौकशी. कुणी कबूल होत नाही, म्हणून सगळ्या वर्गाला मैदानाची एक फेरी.

ही फेरी म्हणजे त्या तासातला एकमेव व्यायाम, आणि तोही शिक्षा म्हणून. आमच्या शाळांनी व्यायामाचं जे करून ठेवलं आहे ते इथे नीट दिसतं. गृहपाठ नाही, उठाबशा काढ. बोललास, फेऱ्या मार. पाढा चुकला, ओणवा हो. दहा वर्षं अशी तालीम मिळाल्यावर घाम आला की काहीतरी गुन्हा घडला असावा अशीच मुलांची समजूत होते. पुढे चाळिशीत डॉक्टर 'वजन उतरवा' म्हणतात, तेव्हा हाच माणूस जिमला महिन्याचे पैसे भरतो आणि तिथला पोरगेला ट्रेनर त्याच्याकडून त्याच उठाबशा काढून घेतो. तिथे मात्र तो आरशात बघून हसतो.

कवायतीची गंमत निराळी. साऱ्या तालुक्यात मराठी बोलणारी शाळा त्या वेळेपुरती हिंदीत शिरते. 'सावधान'पर्यंत ठीक असतं. 'दाहिने मूड' म्हटलं की साठापैकी चाळीस उजवीकडे, पंधरा डावीकडे वळतात, आणि उरलेले शेजारी कुठे वळतो ते बघून मग निर्णय घेतात. दोन मुलं नाकाला नाक लावून उभी राहतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर असल्याची खात्री असते. 'पिछे मूड' म्हणजे तर भोवळच. सर हे सगळं शांतपणे पाहतात, मग शिट्टी तोंडातून काढून मराठीत येतात. त्यानंतरच्या सूचना सगळ्यांना लगेच कळतात.

एके काळी आपल्याकडे एक राजाच पी.टी.चा सर होता. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत, घरच्यांना घालायला लावत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सक्तीचे केले होते. सूर्यनमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनहून निघालं. पुढच्याच वर्षी या राजाने कारभार प्रजेच्या हाती सोपवला. राज्य सोडलं, नमस्कार सोडले नाहीत. औंधच्या शाळांत 'बूट विसरलो' ही सबब कितपत चालली असेल, देव जाणे. आता शाळांमध्ये रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार होतात आणि त्यांचा फोटो वर पाठवायचा असतो. त्या फोटोत पहिली रांग भुजंगासनात असते, मधल्या रांगा पर्वतासनाच्या आसपास असतात आणि शेवटची रांग अजून हात जोडून, पुढे काय होतंय ते पाहत उभी असते. फोटोत पी.टी.चे सर कुठेच नसतात. तो तेच काढत असतात.

क्रीडा साहित्याची खोली हा स्वतंत्र विषय आहे. जिन्याखाली असते, कुलूपबंद असते आणि किल्ली ज्या शिपायाकडे असते तो रजेवर असतो. आत दोन गोळे, एक थाळी, टोक नसलेला भाला, कापूस बाहेर आलेली गादी आणि एक फुटबॉल असतो. फुटबॉलात हवा नसते. पंप असतो, पण पंपाची पिन नसते. पिन आणली तेव्हा ब्लॅडर गेलेला असतो. नवा चेंडू मात्र मागायचा नाही, कारण जुना चेंडू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे. रजिस्टरात असलेली वस्तू फाटली तरी ती आहेच. तिचं रीतसर निर्लेखन व्हावं लागतं, त्याला ठराव लागतो, सह्या लागतात. तोवर तो चेंडू सरकारी दृष्टीने उसळतच असतो. जी शाळा हुशार, ती नवे चेंडू आणते आणि ते वापरतच नाही. तपासणीला साहेब येतात तेव्हा सगळं साहित्य कोरं करकरीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं दिसतं. साहेब शेरा लिहितात, 'साहित्याची निगा उत्तम.'

काही जुन्या शाळांच्या मैदानात अजून एक मल्लखांब पुरलेला दिसतो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा व्यायाम. त्याचे धडे दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात घ्यायला परदेशातूनही माणसं येतात, आणि तिथल्या उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. शाळेतल्या खांबावर मात्र 'येथे सायकली टेकवू नयेत' अशी पाटी असते. खाली सायकली टेकवलेल्या असतात.

साहित्याची ही अशी तऱ्हा, म्हणून मला खो-खो हा शाळांसाठीच जन्मलेला खेळ वाटतो. चेंडू नको, पंप नको, निर्लेखन नको. दोन खांब, मूठभर फक्की आणि पळायला पोरं, झालं काम. शिवाय नऊ जणांच्या संघातले आठ जण नियमानेच बसलेले असतात, त्यामुळे शिस्तप्रिय मुख्याध्यापकांनाही तो पाहताना बरं वाटतं. बसलेल्याने मागून 'खो' मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम पुढे सरकारी नोकरीत फार उपयोगी पडतो. पण थट्टा पुरे. याच खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला आणि पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध झाले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या कितीतरी शाळांत पी.टी.च्या तासाला आजही मुलग्यांकडे चेंडू फेकला जातो आणि मुलींना 'तुम्ही झाडाखाली बसा गं' असं सांगितलं जातं, ही गोष्ट या निकालाशेजारी ठेवून पाहावी.

पाहुणे येणार असले की शारीरिक शिक्षणाला एकदम सोन्याचे दिवस येतात. लेझीम बाहेर निघते, हलगी तापवली जाते आणि नुसत्या सरावात दोन आठवडे जातात. गणिताचे सर हतबल होऊन खिडकीतून बघत असतात. प्रमुख पाहुणे दहाला येणार म्हणून पोरं आठलाच भर उन्हात उभी केली जातात. पाहुणे एकला येतात, आणि 'वेळ कमी आहे' म्हणून लेझीम पाच मिनिटांत आटोपायला सांगतात. मानवी मनोऱ्याची कथा याहून करुण. सगळ्यात वर चढणारा किडकिडीत पोरगा झेंडा दाखवतो आणि टाळ्या घेतो. तळाशी उभा असलेला जाडजूड मुलगा, ज्याला वर्षभर कुठल्याच संघात घेतलं नाही, तो मान खाली घालून आपल्याच बुटांकडे पाहत असतो. त्याच्या खांद्यावर शाळेची अब्रू असते आणि दुसऱ्याचा बूटही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. त्या पथकाला तिथल्या पाहुण्यांसाठी किती वेळ उन्हात उभं राहावं लागलं याची चौकशी करण्याची माझी फार इच्छा आहे.

डिसेंबरात क्रीडा सप्ताह येतो. धावणे, लांब उडी वगैरे सकाळी कुणाचं लक्ष नसताना उरकतात. खरी गर्दी जमते शिक्षकांच्या संगीत खुर्चीला. एरवी 'खेळात हारजीत महत्त्वाची नसते' असं फळ्यावर सुविचार म्हणून लिहिणाऱ्या बाई पदर खोचून उभ्या राहतात, तेव्हा भल्याभल्यांची छाती दडपते. गाणं लावायला शिपाई असतो आणि गाणं कधी थांबवायचं हे त्याला बरोबर कळतं. मुख्याध्यापक नेहमी शेवटच्या तिघांत पोहोचतात. त्यांच्या शेजारी खुर्ची मोकळी असूनही इतिहासाचे सर तिच्याभोवती एक आदरयुक्त चक्कर मारतात आणि बाद होतात. शेवटच्या खुर्चीवर मात्र पदर खोचलेल्या बाई आणि गणिताचे सर एकाच वेळी बसतात. पी.टी.च्या सरांनी पंच म्हणून निर्णय द्यायचा असतो. ते गणिताच्या सरांना बाद देतात. पूर्ण वर्षात त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पुन्हा दिसत नाही.

शालेय क्रीडास्पर्धांचं गणितही समजून घ्यायला हवं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघात एखादा मिशीवाला मुलगा दिसतोच. समोरच्या शाळेचे सर त्याच्या जन्मदाखल्याचा आग्रह धरतात. दाखला बरोबर निघतो, मिशीही खरी निघते. कित्येकदा एखाद्या खेळात तालुक्यातून एकाच शाळेचा संघ आलेला असतो. तो न खेळता तालुक्यात पहिला येतो. सोमवारी फळ्यावर 'घवघवीत यश' झळकतं आणि स्थानिक पेपरात फोटो छापून येतो. त्यात संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि ज्येष्ठ सल्लागार बसलेले असतात. मागच्या रांगेत, कुणाच्या तरी टोपीमागून, एका खेळाडूचा कान दिसतो.

तासाला भिडू निवडण्याच्या प्रकाराबद्दलही मला थोडं बोलायचं आहे. सर शिट्टी वाजवतात, दोन तगडी पोरं कप्तान होतात आणि ती एकेकाला निवडू लागतात. शेवटी उरतात ती बारीक, चष्म्याची किंवा दमेकरी पोरं. त्यांना 'तुम्ही गुण लिहा' सांगून बाजूला बसवलं जातं. ज्यांना व्यायामाची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच बसवायचं, हा न्याय दुसऱ्या कुठल्या विषयात चालेल? गणितात कच्च्या मुलाला कुणी 'तू बस, हुशारांची बेरीज बघ' म्हणत नाही, उलट त्याला जादा तास लावतात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात खेळाच्या शिक्षकांनी एका किरकोळ दिसणाऱ्या पोराचं नाव स्पर्धेत घ्यायला नकार दिला, अशी हकीकत सांगतात. पोरगा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेला आणि परवानगी घेऊन आला. तो कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीत त्याने कुस्तीत ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जायला पैसे कमी पडले तेव्हा खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. दुसरं वैयक्तिक पदक यायला 1996 साल उजाडावं लागलं. मधली 44 वर्षं किती खाशाबे गुण लिहीत बसले असतील? आता खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांत त्यांच्या प्रतिमेला हार घालतात, भाषणं होतात, आणि भाषणं लांबली की आठवा तास रद्द होतो. तो कुठला असतो हे वेगळं सांगायला नको.

दहावीला तर हा विषय केवळ श्रेणीपुरता उरतो. कबड्डीच्या मैदानाची मापं 13 मीटर बाय 10 मीटर हे तोंडपाठ असलेली आणि त्या मैदानावर कधी पाऊल न ठेवलेली पिढी आपण तयार केली आहे. वहीत खेळाडूंची चित्रं चिकटवली जातात, 'माझा रोजचा व्यायाम' हा तक्ता एका रविवारी आईच्या मदतीने सबंध वर्षाचा भरला जातो. खेळणाऱ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात हे कळलं की मात्र पालक अचानक जागे होतात. "सर, आमच्या बंड्याला कुठल्या तरी जिल्हा स्पर्धेत घाला की. खेळला नाही तरी चालेल." बंड्या त्या वेळी क्लासला असतो. सकाळी सहाला एक, संध्याकाळी सहाला दुसरा. मधे शाळा, आणि शाळेत शुक्रवारी आठव्या तासाला प्रमेय. एखादा चलाख बंड्या सुनावतोही, "सर, लोकमान्यांनी कॉलेजचं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं होतं." सर म्हणतात, "आधी लोकमान्यांएवढं गणित करून दाखव." टिळकांचं गणित उत्तम होतं, हे बंड्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सगळाच अंधार आहे असं नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करायचा, आणि पुढे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं. त्याच्या शाळेच्या वेळापत्रकात पी.टी. कितव्या तासाला होती, यावर त्यातलं फारसं काही अवलंबून नसावं. पण प्रत्येक गावाची शाळा काही किलोमीटर लांब ठेवणं हा काही क्रीडा धोरणाचा भाग होऊ शकत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या पालकसभेला गेलात की घटक चाचणीचे गुण, गणवेशाचा रंग आणि बसचं भाडं हे विषय उरकल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारा: माझ्या मुलीचा किंवा मुलाचा पी.टी.चा तास शेवटचा कधी झाला? मुख्याध्यापक वेळापत्रक दाखवतील, ते पाहू नका. उत्तर मुलांकडूनच घ्या. गणिताचे सर समोर असतील तर त्यांना नम्रपणे सांगा, की शुक्रवारचा आठवा तास त्यांनी परत करावा, व्याज राहू द्यावं. आणि पी.टी.च्या सरांना भेटायचं असेल तर आधी फोन करून जा. निवडणुकीचे दिवस असले, तर ते मतदारयादी घेऊन तुमच्याच घरी गेलेले असण्याची शक्यता आहे.